‘बेवारस’ कोण ठरवते? : पोलिसांच्या ताब्यातील मुद्देमालाच्या विल्हेवाटीची चिकित्सा

प्रस्तावना

गुन्ह्याच्या तपासात पोलीस जी मालमत्ता ताब्यात घेतात तिला आपल्याकडे ‘मुद्देमाल’ म्हणतात. चोरीस गेलेले व परत मिळालेले दागिने, अपघातातील वाहने, आरोपीच्या झडतीत सापडलेली रोकड, रस्त्याच्या कडेला कोणी सोडून दिलेली दुचाकी अशा नाना वस्तूंचा त्यात समावेश होतो. यांपैकी काही वस्तू मालकाकडे परत जातात, काही नष्ट केल्या जातात, काहींचा लिलाव होऊन रक्कम सरकारजमा होते; आणि बऱ्याच वस्तू ठाण्याच्या आवारात ऊन-पाऊस खात पडून राहतात. पोलीस ठाण्याच्या भिंतीलगत गंजत उभ्या असलेल्या वाहनांचे दृश्य इतके परिचयाचे झाले आहे की त्याविषयी प्रश्न विचारावा असे कोणालाही वाटेनासे झाले आहे.

या विषयाची चर्चा झालीच तर ती जागेच्या अडचणीच्या अंगाने होते. आवार मोकळे कसे करावे, लिलाव लवकर कसा उरकावा, असे तिचे स्वरूप असते. प्रस्तुत लेखाचा रोख वेगळा आहे. मालमत्ता ‘बेवारस’ आहे हे कोण ठरवते, कशाच्या आधारे ठरवते आणि ठरवण्यापूर्वी मालकाला विचारले जाते काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे. त्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील तरतुदी, सर्वोच्च न्यायालयाचे काही महत्त्वाचे निर्णय आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ यांचे चिकित्सक वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

संज्ञांचा विचार

प्रथम शब्दांकडे लक्ष देणे आवश्यक आहे. कायद्याच्या मराठी भाषेत मालमत्तेची ‘विल्हेवाट’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. जुन्या मराठीत एखादी गोष्ट विल्हेस लावणे म्हणजे तिची योग्य ती व्यवस्था लावणे. आजच्या वापरात मात्र विल्हेवाट म्हटले की कचऱ्याची आठवण होते. वास्तविक कायद्याला अभिप्रेत असलेल्या विल्हेवाटीत वस्तू हक्कदाराच्या स्वाधीन करणे हाही एक प्रकार आहे, आणि तो पहिल्या प्रतीचा प्रकार आहे. शब्दाचा अर्थ जसा आक्रसला, तशीच व्यवस्थेची दृष्टीही आक्रसली असावी, अशी शंका पुढील विवेचन पाहता येते.

‘बेवारस’ या शब्दाचेही तसेच आहे. बेवारस असणे हा वस्तूचा अंगभूत गुण नव्हे. वस्तूला मालक असतो. तो सापडलेला नसतो, त्याला कळलेले नसते किंवा त्याला यावेसे वाटलेले नसते. या तीन अवस्था परस्परांहून अगदी भिन्न आहेत. परंतु लिलावाच्या यादीत तिन्ही एकाच शब्दाखाली येतात. तेव्हा ‘बेवारस’ ही वस्तुस्थिती नसून कार्यपद्धतीतून निर्माण होणारा दर्जा आहे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे.

कायद्याची चौकट

१९७३ च्या संहितेतील कलम ४५१ ते ४५९ मध्ये हा विषय येतो. खटला चालू असताना न्यायालयासमोर आलेल्या मालमत्तेचा ताबा कोणाकडे द्यावा हे कलम ४५१ सांगते. खटला संपल्यानंतरच्या आदेशाविषयी कलम ४५२ आहे. पोलिसांनी जप्त केलेली परंतु चौकशीत किंवा खटल्यात न्यायालयासमोर न आलेली मालमत्ता कलम ४५७ खाली येते. हक्कदार माहीत असेल तर दंडाधिकारी त्याच्याकडे वस्तू सोपवू शकतात. तो अज्ञात असेल तर वस्तूंचे वर्णन देणारी उद्घोषणा काढून, ज्याचा हक्क असेल त्याने सहा महिन्यांच्या आत हजर व्हावे, असे जाहीर करावे लागते.

यापुढील कलम ४५८ विशेष काळजीपूर्वक वाचण्याजोगे आहे. मालमत्ता राज्य शासनाच्या स्वाधीन करून तिची विक्री करण्यासाठी येथे दोन अटी घातल्या आहेत. सहा महिन्यांत कोणीही आपला हक्क सिद्ध केलेला नसावा, ही पहिली अट. ज्याच्या ताब्यात ती वस्तू सापडली त्याला ती कायदेशीर रीतीने मिळवल्याचे दाखवता आलेले नसावे, ही दुसरी अट. या दोन अटी ‘किंवा’ने नव्हे, तर ‘आणि’ने जोडलेल्या आहेत. म्हणजे केवळ मुदत उलटली म्हणून वस्तू सरकारची होत नाही. वस्तू ज्याच्याकडून घेतली त्याचे म्हणणे तपासणे हा आदेशाचा आवश्यक भाग आहे. शिवाय अशा आदेशाविरुद्ध अपिलाची सोयही त्याच कलमात आहे. कायदेमंडळाने मालकी हक्काची बूज राखली होती, असाच याचा अर्थ होतो.

सहा महिन्यांची मुदत मात्र विचार करायला लावणारी आहे. १८६१ च्या पोलीस अधिनियमात बेवारस मालमत्तेसाठी हीच मुदत होती. १८९८ च्या संहितेत ती होती, १९७३ च्या संहितेत ती राहिली आणि २०२३ च्या संहितेतही कायम आहे. ज्या काळात गावात दवंडी पिटली की ती सर्वांच्या कानी पडत असे, त्या काळाचे हे माप आहे. आज नाशिकला चोरीस गेलेली दुचाकी लातूर जिल्ह्यात सापडते. तेथील न्यायालयाच्या सूचनाफलकावर लावलेला कागद नाशिकच्या मालकाने वाचावा, ही अपेक्षा कितपत वाजवी आहे? उद्घोषणा कोणत्या माध्यमातून करावी याविषयी ही कलमे मौन पाळतात, आणि त्या मौनातच पुष्कळशा वस्तू बेवारस होतात.

शासन मालक की सांभाळणारा?

पोलिसांच्या ताब्यातील वस्तूशी शासनाचे नाते कोणते, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी दिले आहे. ‘गुजरात राज्य विरुद्ध मेमन महोमद हाजी हसम’ (१९६७) या प्रकरणाची हकीकत बोलकी आहे. १९४७ मध्ये तत्कालीन जुनागढ संस्थानच्या जकात अधिकाऱ्यांनी एका व्यापाऱ्याची वाहने व माल जप्त केला. त्याविरुद्धचे त्याचे अपील प्रलंबित होते. दरम्यान वाहनांची निगा राखली गेली नाही, आणि ती बेवारस असल्याचे दाखवून दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने त्यांची विक्री करण्यात आली. पुढे अपिलात जप्ती रद्द होऊन वस्तू परत करण्याचा आदेश झाला, तेव्हा परत करण्यासाठी काही उरलेच नव्हते. आपला व त्या व्यापाऱ्याचा कोणताही करार नव्हता, म्हणून आपल्यावर जबाबदारी नाही, हा शासनाचा युक्तिवाद न्यायालयाने अमान्य केला. करार नसला तरी दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची व परत करण्याची जबाबदारी येते, असा या निर्णयाचा आशय आहे.

ज्या माणसाचे अपील शासनाच्याच दप्तरी पडून होते, त्याची वस्तू शासनाच्याच यंत्रणेने बेवारस ठरवली, हे येथे ध्यानात घ्यावे. मालक अज्ञात नव्हता. त्याला अज्ञात मानण्यात आले. जप्तीपासून अंतिम निर्णयापर्यंत वीस वर्षे गेली, हा तपशीलही विसरण्यासारखा नाही.

‘बासव्वा कोम द्यामनगौडा पाटील विरुद्ध म्हैसूर राज्य’ (१९७७) या प्रकरणात हेच तत्त्व एका सामान्य स्त्रीच्या दागिन्यांना लावण्यात आले. तिच्या घरी चोरी झाली, दागिने परत मिळाले आणि पोलिसांच्या ताब्यात असताना ते पुन्हा नाहीसे झाले. योग्य काळजी घेतल्याचे शासनाला दाखवता आले नाही, म्हणून न्यायालयाने तिला दागिन्यांची किंमत देवविली. एकाच मालाची दोनदा चोरी व्हावी आणि दुसरी चोरी पोलीस ठाण्यातून व्हावी, यातील उपरोध न्यायालयाने शब्दांत मांडला नाही. निर्णयातून मात्र तो व्यक्त झाला.

सुंदरभाई निर्णयाचे वाचन

या विषयावरील सर्वाधिक उद्धृत केला जाणारा निर्णय म्हणजे ‘सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य’ (१ ऑक्टोबर २००२). त्याची पार्श्वभूमी पोलिसांवरील आरोपांची होती : मुद्देमालातील अस्सल वस्तूंच्या जागी बनावट वस्तू ठेवणे, ठाण्यात ठेवलेल्या रकमेचा अपहार, जप्त मालाचा अनधिकृत लिलाव आणि दप्तरात फेरफार. या निमित्ताने न्यायालयाने कलम ४५१ खालील अधिकार तत्परतेने वापरण्याचा आदेश सर्व दंडाधिकाऱ्यांना दिला. दागिन्यांचा सविस्तर पंचनामा करावा, छायाचित्रे काढावीत, हमीपत्र घेऊन त्या वस्तू हक्कदारास द्याव्यात. वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवू नयेत. मुद्देमाल शक्यतो पंधरा दिवस ते एक महिना यापेक्षा अधिक काळ पोलिसांकडे राहू नये, अशी ती मार्गदर्शक सूत्रे होत. आज सुपुर्तनाम्यावर वाहन परत मिळते ते बव्हंशी या निर्णयाच्या आधारे. त्याचे ऋण मान्य करूनच पुढील टीका केली पाहिजे.

अशा तत्परतेचे चार लाभ न्यायालयाने सांगितले आहेत. वस्तू पडून राहिल्याने किंवा तिचा अपहार झाल्याने मालकाचे होणारे नुकसान टळेल, हा पहिला. न्यायालय व पोलीस यांच्यावरील सांभाळण्याचा भार हलका होईल, हा दुसरा. उरलेले दोन पुराव्याशी संबंधित आहेत. क्रमाने मालक पहिला आहे. परंतु त्याच निर्णयातील वाहनांविषयीचा परिच्छेद पाहावा. आरोपी, मालक, विमा कंपनी किंवा अन्य कोणी वाहनावर हक्क सांगितला नाही तर लिलावाचा आदेश द्यावा, असे तेथे म्हटले आहे. वाहन विमा उतरवलेले असल्यास विमा कंपनीला न्यायालयाने कळवावे, असेही म्हटले आहे. मालकाला कळवावे, असे मात्र त्या ठिकाणी म्हटलेले नाही. विमा कंपनीला सूचना मिळते. मालकाने स्वतः होऊन यावे लागते. ज्याचा हित-विचार प्रथम क्रमांकावर मांडला, त्याच्यापर्यंत पोहोचण्याची तजवीज राहून गेली, हे या निर्णयातील खरे न्यून आहे.

या न्यूनाचा परिणाम पुढील इतिहासात दिसतो. सुंदरभाई निर्णयाचे पालन सर्वत्र सारखे होत नाही, अशी तक्रार घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली ती विमा कंपन्यांची संघटना. ‘जनरल इन्शुरन्स कौन्सिल विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य’ (२०१०) या निर्णयाने परत मिळालेल्या वाहनांची माहिती विमा कंपन्यांना वेळेत मिळावी यासाठी अधिक तपशीलवार निर्देश दिले. ते योग्यच होते. परंतु संघटित हितसंबंधांना न्यायालयाचे दार ठोठावता येते. एका जुन्या दुचाकीसाठी कोणीही दिल्लीपर्यंत जात नाही. ज्याचे नुकसान व्यक्तिशः मोठे पण एकत्रित आवाज क्षीण, असा मालक या न्यायपरंपरेत सतत मागे पडत गेला.

एक तुलना

सुंदरभाई निर्णयाच्या अवघे काही दिवस आधी, २६ सप्टेंबर २००२ रोजी, न्यूयॉर्कच्या कक्षेतील अमेरिकी संघीय अपील न्यायालयाने ‘क्रिमस्टॉक विरुद्ध केली’ या प्रकरणात निर्णय दिला होता. न्यूयॉर्क शहराचे पोलीस मद्यपान करून वाहन चालवणाऱ्यांची व इतर आरोपींची वाहने जप्त करून सरकारजमा करण्याची कार्यवाही सुरू करीत, आणि ती पूर्ण होईपर्यंत मालकाला दीर्घकाळ थांबावे लागे. वाहन हे अनेकांच्या उपजीविकेचे साधन असल्याने जप्तीनंतर लवकरात लवकर तटस्थ अधिकाऱ्यासमोर मालकाचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे त्या न्यायालयाने ठरवले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झालेल्या सोनिया सोटोमायोर यांनी ते निकालपत्र लिहिले होते.

एकाच आठवड्याच्या अंतराने दोन देशांतील न्यायालयांसमोर ठाण्यात अडकलेली वाहने आली. भारतीय न्यायालयाने ‘वस्तूचे काय करावे’ असा प्रश्न विचारला. अमेरिकी न्यायालयाने ‘मालकाचे म्हणणे केव्हा ऐकावे’ असा विचारला. अमेरिकेची व्यवस्था आदर्श आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. तेथे जप्त मालाच्या उत्पन्नाचा वाटा अनेकदा पोलीस यंत्रणेलाच मिळतो आणि त्यामुळे जप्तीलाच प्रलोभन निर्माण होते. आपल्याकडे विक्रीची रक्कम शासनाकडे जाते, ठाण्याकडे नव्हे, ही जमेची बाजू आहे. शिवाय २०२४ मध्ये ‘कली विरुद्ध मार्शल’ या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने, वेळेवर होणारी मुख्य सुनावणी पुरेशी असून राज्यघटनेनुसार वेगळी प्राथमिक सुनावणी आवश्यक नाही, असे म्हटले. तरीही प्रश्न कसा विचारला जातो यावर उत्तराची दिशा अवलंबून असते, एवढे या तुलनेतून निश्चित दिसते.

नव्या संहितेची दिशा

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९७ हे जुन्या कलम ४५१ चे विस्तारित रूप आहे. मालमत्ता न्यायालयासमोर आल्यापासून चौदा दिवसांत तिचे वर्णनात्मक विवरण तयार करावे, छायाचित्र व आवश्यक तेथे चित्रफीत घ्यावी आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाट, नाश, सरकारजमा करणे किंवा स्वाधीन करणे यांपैकी योग्य तो आदेश द्यावा, असे ते सांगते. विवरण व छायाचित्र पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाईल. सुंदरभाई निर्णयातील सूत्रांना आता कायद्याचे बळ मिळाले आहे आणि ‘पुरावा म्हणून वस्तू लागेल’ ही जुनी सबब उरलेली नाही. हे स्वागतार्ह आहे.

परंतु या कलमातील मुदती कोणाला बांधतात हे पाहिले म्हणजे त्याची दिशा कळते. विवरणाला मुदत आहे, आदेशाला मुदत आहे. मालकाला नोटीस देण्याचे स्पष्ट बंधन मात्र त्यात नाही. छायाचित्र काढले जाते ते न्यायालयाच्या अभिलेखासाठी. तेच छायाचित्र मालकाचा शोध घेण्यासाठी वापरावे, असे कोठेही म्हटलेले नाही. जुने कलम ४५८ आता ५०४ झाले आहे. त्यातील दोन अटी तशाच आहेत. पण तीस दिवसांची घाई आणि सहा महिन्यांची उद्घोषणा या दोन वेगवेगळ्या गती आहेत. निकड पहिलीची असेल तर दुसरीतील सावधगिरी व्यवहारात मागे पडण्याचा धोका आहे. सुंदरभाई निर्णयात सांगितलेल्या चार लाभांपैकी दुसरा, म्हणजे यंत्रणेचा भार हलका करणे, हाच नव्या कलमाचा गाभा होऊन बसला आहे, असे म्हणावे लागते.

कलम १०७ मध्ये गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत बाधित व्यक्तींना साठ दिवसांत प्रमाणशीर वाटण्याची तरतूद नव्याने आली आहे. पीडिताचा शोध घेऊन त्याला देणे ही कल्पना कायद्याला परकी नाही, हेच त्यावरून दिसते. मग हीच कल्पना चोरीच्या दुचाकीला का लागू होऊ नये?

काही आक्षेप

या मांडणीवर काही आक्षेप घेता येतील. पहिला असा की पुष्कळ मालक मुद्दामच येत नाहीत. विम्याची रक्कम मिळालेली असते, कर्जाचे हप्ते थकलेले असतात किंवा वाहनाच्या किमतीपेक्षा दंड अधिक झालेला असतो. हे खरे आहे. तथापि न येणारा मालक उदासीन आहे की अनभिज्ञ, हे नोटीस पोहोचल्याशिवाय सांगता येत नाही. नोटीस मिळूनही जो येत नाही त्याची वस्तू विकण्यास कोणाचीच हरकत नसावी.

दुसरा आक्षेप मालक शोधण्याच्या अडचणीचा. दागिन्यांच्या बाबतीत तो रास्त आहे. आईने लेकीला दिलेल्या पाटल्यांची पावती कोणाच्या घरी नसते, आणि चोरीचे सोने बहुधा वितळवलेल्या लगडीच्या रूपात हाती लागते. अशा वेळीही कायदा हतबल नाही. मूळ वस्तूचे रूपांतर किंवा अदलाबदल होऊन जे मिळाले, त्याचाही समावेश ‘मालमत्ता’ या शब्दात जुन्या कलम ४५२ ने केला होता. वाहनाच्या बाबतीत तर ही अडचण टिकणारी नाही. सांगाडा क्रमांक व इंजिन क्रमांक वाहनावर कोरलेला असतो आणि नोंदणीचे दप्तर शासनाकडेच असते. नोंदणीतील पत्ता जुना असेल, वाहन नाव न बदलता विकले गेले असेल. तरी शोधाची सुरुवात करण्यास धागा असतो. एका हाताने नोंदणी ठेवायची आणि दुसऱ्या हाताने तेच वाहन बेवारस म्हणून विकायचे, ही विसंगती समर्थनीय नाही.

तिसरा आक्षेप किमतीचा आहे. क्षुल्लक वस्तूंसाठी एवढा व्याप कशाला? ‘विश्वजित डे विरुद्ध आसाम राज्य’ (२०२५) या प्रकरणात अमली पदार्थ सापडलेल्या मालमोटारीच्या मालकावर कोणताही आरोप नव्हता. कर्ज काढून घेतलेली ती गाडी त्याच्या उपजीविकेचे साधन होती. खटला चालू असताना ती परत देण्यास कायद्याचा प्रतिबंध नाही, असे न्यायालयाने म्हटले. वस्तूची बाजारातील किंमत आणि मालकाच्या जीवनातील किंमत एकच नसते, हे यातून स्पष्ट होते. दूध घालणाऱ्याची जुनी मोटारसायकल लिलावात भंगाराच्या भावाने जाते. त्याच्यासाठी ती रोजची भाकरी असते.

निष्कर्ष

शासन मुद्देमालाचे मालक नसून सांभाळणारे आहे, हे तत्त्व १९६७ पासून प्रस्थापित आहे. विल्हेवाटीच्या नियमांनी मात्र सांभाळण्याचा काळ कमी करण्यावर भर दिला, परत करण्याच्या कर्तव्यावर नाही. ही उणीव दूर करण्यासाठी मोठ्या कायदेबदलाची गरज नाही. कलम ४९७ खालील विवरणाचा नमुना ठरवण्याचा अधिकार राज्य शासनालाच आहे. त्या नमुन्यात फिर्यादी किंवा नोंदणीकृत मालकास कळवल्याची तारीख व पोच यांचा रकाना असावा. उद्घोषणा छायाचित्रासह, मराठीत व जिल्ह्याच्या सीमेबाहेरही वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध व्हावी. विक्रीच्या आदेशात कलम ५०४ मधील दोन्ही अटींची स्वतंत्र नोंद असावी. विक्रीनंतर हक्कदार आल्यास त्याला रक्कम मिळावी म्हणून ती ठरावीक काळ वेगळी ठेवावी. आणि प्रत्येक जिल्ह्याने किती मालाचा लिलाव केला याबरोबरच किती माल परत केला, हेही दरवर्षी जाहीर करावे.

शेवटची सूचना सर्वांत साधी आणि बहुधा सर्वांत महत्त्वाची आहे. आवार किती मोकळे झाले यावर यंत्रणेचे यश मोजले तर ती आवार मोकळे करील. किती वस्तू घरी पोहोचल्या यावर मोजले तर ती घरे शोधू लागेल.